गाडीच्या मागची

माणूस अठरा-वीस वर्षांचं झालं की मोठं झालं असं धरतात. माझं तसं झालं नाही. चौथीतनं शाळा सुटली, पंधराव्या वर्षी लग्न झालं, विशीच्या आत दोन बाळंतपणं झाली, त्यातलं एक मूल राहिलं. एवढं होऊनसुद्धा मी दुसऱ्याच्या मागं चालणारीच होते. स्वतःच्या तोंडानं एक गोष्ट बोलले ती पन्नाशी ओलांडल्यावर, आणि तीही सिंगापुरात, परक्यांच्या प्रार्थनेच्या जागी, आवारात. म्हणून मोठं होण्याचं लिहायचं तर मला तिथलंच लिहावं लागतं. त्याच्या आधीचं सगळं वय झालं, मोठेपण नाही.

दिलीपनं मला बोलावून घेतलं ते सईसाठी. सई माझी नात, तेव्हा नऊ वर्षांची. दिलीप कॉम्प्युटरच्या कंपनीत, सून अनुजा बँकेत, दोघं सकाळी निघून जायची आणि पोरगी शाळेतनं रिकाम्या घरात यायची. चोआ चू कांग नावाच्या भागात अकराव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. पहाटे कोकीळ ओरडायची. आपल्याकडं ती हंगामात ओरडते आणि गोड वाटते. तिथं जवळजवळ वर्षभर, आणि अशी कर्कश की शेजारी तिला शिव्या द्यायचे. कपडे वाळत घालायचे ते खिडकीबाहेर, बांबूवर. ओल्या चादरींनी भरलेला बांबू अकराव्या मजल्यावरून बाहेर काढून भिंतीतल्या खोबणीत बसवायचा, ह्या कामाची अनुजाला भीती वाटायची. मला नाही वाटली. वजन कुठं धरायचं ते कळलं की बांबू हलका होतो. तिनं एकदा विचारलं, "आई, तुम्हाला हे इतकं सहज कसं जमतं?" मी म्हणलं, "सवय." कसली सवय ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

न सांगण्याचं कारण होतं. अनुजाचे वडील पुण्यातले बँकेचे मोठे साहेब. दिलीप आणि ती तेव्हा एका ऑफिसात होते, तिथं जमलं. लग्नाच्या बोलणीत दिलीपनं सांगितलं की वडिलांचा ट्रान्सपोर्टचा धंदा होता, आजारपणात तो बंद पडला, मग वडील गेले. वडील गेले हे खरं होतं. मला तो आदल्या दिवशी म्हणाला, "आई, माल इकडचा तिकडं नेणं म्हणजे ट्रान्सपोर्टच की. खोटं काहीच नाही. तू फक्त बोलू नकोस." लग्नाला आमच्या वस्तीतलं कोणीही बोलावलं नाही. ज्या बायकांनी त्याला अंगाखांद्यावर खेळवलं त्यांनासुद्धा नाही. मी नवी साडी नेसून गप्प बसले होते, आणि विहीणबाई सगळ्यांना सांगत होत्या, आमच्या विहीणबाई फार मितभाषी आहेत.

खरं होतं ते असं. आमचे हे भुसार बाजारात हातगाडी ओढायचे, आणि मी मागून ढकलायचे. वीस वर्षं. लांब फळी, मधोमध दोन चाकं, पुढं आडवा दांडा. साखर, तांदूळ, तेलाचे डबे, जे असेल ते. पोती लावून झाली की हे शेवटच्या पोत्यावर हाताची थाप मारायचे, दोनदा, आणि मग दांडा उचलायचे. पोतं चाकाच्या वर यायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पुढं जास्त झालं तर दांडा खांदा मोडतो, मागं जास्त झालं तर दांडा वर उठतो आणि माणसाचे पाय जमिनीवर ठरत नाहीत. आणि दुसरी एक रीत होती. मागच्यानं बोलायचं नाही. पुढच्याला मागचं दिसत नाही, म्हणून मागून आवाज आला की तो धोक्याचाच धरायचा. मी "पाणी प्यायचंय" असं म्हणले तरी हे दचकायचे. मागचा गप्प आहे म्हणजे गाडी ठीक आहे, असं ओढणाऱ्यानं समजायचं. "सोड" असं ऐकू आलं की का म्हणून विचारायचं नाही; दांडा सोडून बाजूला उडी टाकायची, आणि मागच्यानं फळीचं शेपूट अंगाच्या भारानं दाबून जमिनीला घासायचं. एकदाच मला ओरडायला उशीर झाला. पोती घसरताना मी पाहिली, सावरतील असं वाटलं, आणि मी गप्प राहिले. ह्यांच्या कमरेवरून चाक गेलं. नंतर वर्षभर दांड्याला दिलीप होता. नववीत. सकाळच्या शाळेच्या आधी दोन खेपा करायचा. वर्गातल्या पोरांनी पाहिलं आणि त्याला गाडीवाल्या म्हणून हाका मारायला लागली. तो घरी येऊन काही बोलला नाही. नुसता अभ्यास करत राहिला, आणि असा करत राहिला की सिंगापूरला जाऊनच थांबला.

आता समोरच्या दारातल्या म्हातारीचं सांगते. रविवारी आम्ही सेरंगून रोडला, तिथल्या आपल्या लोकांच्या बाजारात, जायचो, मेथी, नारळ, बाजरीचं पीठ आणायला. एका सकाळी मी भाकरी थापत होते तर दार वाजलं. टॅन आंटी उभी. चिनी बाई, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, अंगानं काटकुळी, केस पांढरे आणि कापून बारीक केलेले. तिला थापायचा आवाज रोज ऐकू यायचा आणि वाटायचं की इथं कोणाला तरी मार बसतोय. ती चौकशीला आली होती. सईनं तिला परात दाखवली. आंटी इतकी हसली की तिला धरून बसवावं लागलं. मी चहा टाकला तर तिनं हात जोडून नको म्हणलं. मला राग आला. आपल्या घरचा चहा नको म्हणणारी बाई म्हणजे काय समजायचं. मग सईनं तिथल्या पोरांसारखं शेवटी 'ला' लावत सांगितलं, "आजी, शी कॅनॉट ला. तिच्या चर्चमध्ये टी नाही, कॉफी नाही. शी इज मॉर्मन." ख्रिस्ताचेच लोक, पण त्यांची रीत वेगळी. दारू नाही, विडी नाही, चहासुद्धा नाही. मी तिला गरम पाणी दिलं, आणि त्यानंतर ती रोज येऊन गरम पाणीच प्यायची. तिचं इंग्रजी मला कळायचं नाही, माझं मराठी तिला नाही. मधे सई. सई शाळेत असली की आम्ही दोघी शेंगा सोलत बसायचो, आणि त्याला भाषा लागत नाही.

जुलै महिना होता. आंटी सईला म्हणाली, आमच्याकडं मोठा दिवस येतोय, हातगाड्यांची मिरवणूक असते, आजीला घेऊन ये. मी शेंगा सोलायची थांबले. मग तिनं सगळी गोष्ट सांगितली आणि सईनं तुटक-तुटक मला. फार पूर्वी अमेरिकेत तिच्या धर्माच्या लोकांना गावोगावनं हुसकून लावलं. तेव्हा ते सगळे मावळतीकडं निघाले, माळ आणि डोंगर ओलांडून, जिथं कोणी त्रास देणार नाही अशा ठिकाणी. ज्यांना बैल परवडत नव्हते त्यांनी हातगाड्या केल्या. नवरा पुढं, बायको मागं, पोरं बाजूनं. महिनोन् महिने. काही बर्फात सापडले. मेलेल्यांना वाटेतच पुरून पुढं जावं लागलं. पोचल्याचा दिवस त्यांचे पणतू-खापरपणतू अजून पाळतात, जुने कपडे घालून, गाड्या ओढून, गाणी म्हणत.

"दे सो पुअर, आजी, दे पुल द कार्ट देमसेल्व्ज. हातगाडी. तू पाहिलीस कधी हातगाडी?"

"पाहिलीये," मी म्हणलं.

त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. एका बाजूला माझा मुलगा, ज्यानं हातगाडी अकरा वर्षं दाबून ठेवली. दुसऱ्या बाजूला हे लोक, जे ती रंगवून, झेंडे लावून, बँड लावून मिरवतात. मी सईला विचारायला लावलं की आंटीचे आजोबा पण त्यात होते का. आंटी म्हणाली, नाही, माझे आजोबा इथंच बंदरावर माल उचलायचे. पण आमच्यात असं म्हणतात की जो घरातला पहिला ती वाट चालला तो वाट पाडणारा. मी घरात पहिली ह्या धर्मात आले, माझ्या बापानं मला सहा वर्षं दारात घेतलं नाही. म्हणून मी पण. हे तिनं अगदी साधं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं.

दिलीपला विचारलं तेव्हा तो पेपर वाचत होता. "त्यांच्या धर्माचं आहे. जायला काही नाही. शेजारी आहेत, जा." मग पेपर खाली केला आणि माझ्याकडं बघितलं. अनुजा आतल्या खोलीत होती. "आई, हातगाड्या असतील ना तिथं?"

"असतील."

"मग."

एवढंच. मी मान हलवली. तो येणार नव्हता, त्याला काम होतं. अनुजा कॅमेरा घेऊन येणार होती. तिला असल्या गोष्टींची हौस.

शनिवारची सकाळ. रस्त्यावर मिरवणूक काढायची तर तिथं सरकारी परवानगी लागते, म्हणून सगळं त्यांच्या चर्चच्या आवारातच होतं. वर एक अंगण, खाली मोटारी लावायची जागा, मधे सिमेंटचा उतार. मोटारी काढून टाकल्या होत्या. फिलिपिनो, चिनी, गोरे, दोन-चार तमिळ घरं, सगळ्या बायकांच्या डोक्याला कापडी टोप्या, हनुवटीखाली बांधलेल्या, आणि त्या उकाड्यात घोट्यापर्यंत झगे. मी पण मक्याच्या भाकऱ्या करून नेल्या होत्या, कारण आंटी म्हणाली की चालणारे लोक मक्याची रोटी खायचे आणि तिची दरवर्षी विटेसारखी होते. एकीकडं त्या भाकऱ्या, शेजारी तळलेल्या शेवया आणि कोंबडीचं कालवण. पोरं ओरडत होती, पेटीसारखं काहीतरी वाजत होतं. असलं हसरं दुःख मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांची एक रीत होती. ज्याच्या चालण्यामुळं आपण इथवर आलो त्याचं नाव आणि काम एका पुठ्ठ्यावर लिहायचं आणि गळ्यात घालून चालायचं. सईनं माझा पुठ्ठा लिहायला घेतला. ह्यांचं नाव मी घेत नाही, आमच्यात घेत नाहीत. पण तिला ते शाळेच्या कागदावरनं माहीत होतं, बापाच्या नावामागं असतं ते. तिनं लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, "सोपान. ट्रान्सपोर्ट बिझनेस." वर लाल पेनानं एक ट्रक काढला, सहा चाकांचा. अनुजा बाजूच्या गोऱ्या बाईला सांगत होती, माझ्या सासऱ्यांचा ट्रान्सपोर्टचा व्यवसाय होता. ती बाई माझा हात हातात घेऊन म्हणाली, वंडरफुल. मी तो ट्रक गळ्यात घातला. ह्यांना जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती. त्या चौदा वर्षांत मला असं कधी वाटलं नव्हतं, की आज हे माझ्याकडं बघतायत आणि त्यांना मी ओळखू येत नाहीये.

गाड्या तीन. त्यांच्यातल्याच कोणीतरी हौसेनं केलेल्या, फळ्या चांगल्या, चाकं सायकलची पण दणकट. ओझं खरं वाटावं म्हणून त्यांनी तांदळाची पोती घातली होती आणि वर एक पत्र्याची पेटी. पहिल्या दोन ठीक होत्या. तिसऱ्या गाडीला पुढं झेंडे आणि पुठ्ठ्याचा डोंगर लावला होता, तो झाकू नये म्हणून पोती सगळी मागं रचली होती. मी लांबून बघितलं आणि मला कळलं. सपाटीवर चालेल, उतारावर दांडा वर उठणार. आणि तिन्ही गाड्यांच्या मागं कोणीच नव्हतं. सगळे पुढं, दांड्याला, फोटोत येतील असे. मागं माणूस लागतो हे त्यांच्या पणज्यांना माहीत असणार, ह्या लोकांना माहीत नव्हतं. तिसऱ्या गाडीच्या दांड्याला सई आणि तिच्याएवढ्या दोन मुली.

मला बोलता आलं असतं. सईला हाक मारून म्हणायचं, पोती पुढं घ्या. पण मग ती विचारणार, तुला कसं कळतं. अनुजा शेजारी, कॅमेरा चालू. मी माझ्या मनाला सांगितलं की लहानशी तर गाडी आहे. हे मी इथं लिहिते कारण नंतर सगळ्यांनी मला शाबासकी दिली आणि कोणी हे विचारलं नाही. मी बघितलं होतं आणि मी गप्प बसले होते. दुसऱ्यांदा.

पहिली गाडी खाली गेली, दुसरी गेली. तिसरी उताराला लागली आणि दांडा वर उठला. दोन मुली भ्यायल्या आणि सुटल्या. सई सुटली नाही. माझ्या वळणाची पोरगी, धरलं ते धरलं. तिचे पाय जमिनीवरून उचलले गेले, नुसते बोटांचे शेंडे घासत होते, आणि मागून गाडी तिला घेऊन निघाली. लोकांना वाटलं गंमत चाललीय, टाळ्या पडल्या.

मी धावले कधी ते मला आठवत नाही. साडी वर खोचलेली नव्हती, चपला कुठं गेल्या माहीत नाही. पोट फळीच्या शेपटावर टाकलं, दोन्ही कोपरं मागं घेतली आणि ओरडले, "सोड." असा आवाज माझ्या तोंडून त्या घरात कोणी ऐकला नव्हता. सईनं सोडलं. विचारलं नाही, मागं पाहिलं नाही, बाजूला पडली. शेपूट सिमेंटवर टेकलं आणि घासत गेलं, तो आवाज अजून माझ्या दातात आहे. आठ-दहा हात गेल्यावर गाडी थांबली. तेवढ्यात पत्र्याची पेटी घसरून माझ्या पायावर आली. अंगठ्याचं नख तेव्हा गेलं ते आजपर्यंत वाकडंच उगवतं. नखं काढायला बसले की मला ती सकाळ आठवते.

सईचे गुडघे फुटले होते, बाकी काही नाही. मला सावलीत बसवलं. टॅन आंटी खाली बसून माझा पाय धुवायला लागली, मी ओढून घेत होते, ती सोडत नव्हती. लोक जमले. पुठ्ठा गळ्यात उलटा झाला होता. सई रडायची थांबली आणि म्हणाली, "आजी, हाऊ यू नो? तुला कसं माहीत असं करायचं?"

मी अनुजाकडं बघितलं. तिच्या हातातला कॅमेरा खाली लोंबत होता. मला वाटलं, काहीतरी सांगता येईल. गावाकडं बैलगाडी होती म्हणून सांगता येईल. मग माझं लक्ष त्या ट्रककडं गेलं, सहा चाकांच्या. माझ्या माणसाला उभ्या जन्मात दोन चाकं मिळाली, आणि त्या दोन चाकांवर त्यानं पोरगा इंजिनीयर केला.

"तुझे आजोबा हातगाडी ओढायचे," मी म्हणलं. "भुसार बाजारात हमाल होते. मी मागून ढकलायचे. वीस वर्षं."

सईनं ते आंटीला सांगितलं. आंटीनं माझ्या ओल्या पायावर हात ठेवला आणि नुसता ठेवूनच राहिली. अनुजानं कॅमेरा पिशवीत ठेवला, चेन लावली, परत उघडली, परत लावली. थोड्या वेळानं म्हणाली, "दिलीपला माहीत आहे?" आणि लगेच स्वतःच म्हणाली, "काय विचारतेय मी."

घरी दिलीप दारातच होता. माझा बांधलेला पाय, पोरीचे गुडघे पाहिले आणि घाबरला. अनुजानं सांगितलं सगळं, एका दमात, बाहेरच्याला सांगावं तसं. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा बदलत गेला. नववीतल्या पोराचा झाला.

"आई, इतकी वर्षं गप्प बसलीस. दोन महिन्यांनी परत जाणारच होतीस, तेवढं नसतं बसता आलं?"

"पोरगी गाडीखाली आली असती."

"गाडी धरलीस ते ठीक. पुढचं बोलायची काय गरज होती?"

अनुजाच बोलली. "आईंना कशाला बोलतोस? मला हातगाडीची लाज वाटेल हे तू ठरवलंस. मला विचारलं नाहीस. अकरा वर्षं तू मला तसली समजून राहिलास."

"तुझे बाबा हो म्हणाले असते?"

"नसते म्हणाले तर मी घर सोडून आले असते. ते मला करून दाखवायचं होतं, दिलीप. तू करूच दिलं नाहीस."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून घरात कुकरच्या शिट्या तेवढ्या ऐकू यायच्या. दोघं एकमेकांशी सईतर्फे बोलायची. सई, पप्पांना सांग जेवण वाढलंय. सई, मम्माला सांग मला उशीर होईल. पोरगी एकदा वैतागून म्हणाली, "आय नॉट पोस्टमन ला." कोणी हसलं नाही. तिनं तो पुठ्ठा घेतला, ट्रकवर आणि ट्रान्सपोर्टवर काट मारली, खाली इंग्रजीत हातगाडी लिहिलं आणि फ्रिजवर चिकटवला. सकाळी दिलीपनं काढून खणात ठेवला. संध्याकाळी तिनं परत लावला. असं आठ-दहा दिवस चाललं. मग एक दिवस पुठ्ठा खणातही नव्हता. सई शोधत फिरली. त्यानं टाकून दिला असं मी धरलं. खरं काय ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

अनुजा माझ्याशी वाईट वागली नाही. उलट जास्त बोलायला लागली. एका दुपारी भाजी निवडता-निवडता म्हणाली, "तुम्ही तरी मला सांगायचं होतं, आई. मी तुमच्याशी काय वाईट वागले होते?" मी तिला ती मागच्यानं गप्प बसायची रीत सांगितली. तिनं ऐकून घेतलं. "पण घर म्हणजे हातगाडी नाही," म्हणाली, आणि डोळे पुसायला उठून गेली. बरोबरच होतं तिचं. पण मला दुसरी रीत कोणी शिकवली नव्हती.

माझा तिथं राहायचा पास अजून दीड-एक महिन्याचा होता. दिलीपनं तिकीट आधीचं काढलं. मला ते त्यानं तोंडानं सांगितलं नाही, टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, पायाला पुण्यात बरं दाखवता येईल. मी हो म्हणले. टॅन आंटी निरोपाला आली. तिनं मला एक कापडी टोपी दिली, स्वतः शिवलेली, आणि मी तिला माझी परात. तिला भाकरी थापता येणार नव्हती. पण ती म्हणाली, आवाज तरी करीन.

विमानतळावर तिघंही आली. सगळे येतील असं मला वाटलं नव्हतं. टॅक्सीतनं उतरून दिलीप सामानाची ट्रॉली घेऊन आला. माझी मोठी बॅग, तिच्यावर तेलाच्या डब्याएवढं एक खोकं, एक पिशवी. ड्रायव्हरनं घाईत कशीही टाकली होती, खोकं पार टोकाला. दिलीप ढकलायला लागला आणि दोन पावलांवर थांबला. त्यानं खोकं उचललं, बॅग मागं सरकवली, खोकं बरोबर चाकांवर बसेल असं ठेवलं. आणि वरच्या पिशवीवर हाताची थाप मारली. दोनदा.

त्याला कळलं नव्हतं आपण काय केलं. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि त्याला कळलं. हात तसाच पिशवीवर राहिला.

सई बघत होती. त्या पोरीच्या नजरेतनं काही सुटत नाही. "पप्पा, व्हाय यू डू लाइक दॅट? कोणी शिकवलं?"

मागून लोकांच्या ट्रॉल्या येत होत्या, आमच्यामुळं वाट अडली होती. अनुजा त्याच्याकडं बघत नव्हती, काचेतनं आत बघत होती, पण तिचे कान इकडं होते.

"तुझ्या आजोबांनी," तो म्हणाला.

"ट्रान्सपोर्टवाले?" सईनं विचारलं. खोडी काढायला नाही. तिला बापाच्या तोंडून ऐकायचं होतं.

"नाही," दिलीप म्हणाला. "हातगाडीवाले."

त्यानं मान खाली घातली आणि दांड्याला हात घातला. पुढं थोडा चढ होता, काचेच्या दारापर्यंत. अनुजा अजून तशीच उभी होती, मग तीही चालायला लागली, चार हात अंतर ठेवून. तो मला विचारेल असं वाटलं, आई, आता झालं का मनासारखं. की मीच काही बोलावं म्हणून तो वाट बघत होता, मला माहीत नाही. मी पदर खोचला, दुखरा पाय सांभाळत ट्रॉलीच्या मागच्या बाजूला त्याच्याशेजारी दोन्ही हात टेकवले आणि ढकलायला लागले. चढ संपेपर्यंत मी तोंडातून शब्द काढला नाही. त्याचा अर्थ काय, ते त्याला माहीत होतं.